सासूबाईंचे बँकॉकमधले जेवण

प्रश्न : आम्ही लातूरला राहतो. मुलांच्या हट्टाखातर अधूनमधून सहकुटुंब चायनीज खायला जातो आणि माळकरी असलेल्या माझ्या सासूबाईही व्हेज नूडल्स आवडीने खातात. दिवाळीच्या सुट्टीत बँकॉकला जायचे आहे. तिथे त्यांच्या जेवणाची सोय कशी करावी?

उत्तर : आपल्याकडचे चायनीज भारतीय जिभेसाठीच घडलेले आहे आणि त्यात शाकाहारी पदार्थ वेगळे मिळतात. थाई स्वयंपाकात मात्र खारटपणासाठी माशांचा सॉस वापरतात, परतलेल्या भाजीत बहुधा ऑयस्टर म्हणजे कालवांचा सॉस पडतो आणि अनेक करींच्या वाटणात आंबवलेली कोळंबी असते. त्यामुळे ताटात मांसाचा तुकडा दिसत नाही, एवढ्यावर विसंबू नये. कच्च्या पपईच्या सॅलडमध्येही माशांचा सॉस आणि सुकी कोळंबी असते.

तिथे पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ ही खूण असलेली दुकाने शोधा. चिनी बौद्ध परंपरेतून आलेल्या या जेवणात मांस, मासे, अंडी आणि दूध तर नसतेच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य असतो. दिवाळीत चातुर्मास संपलेला नसतो, म्हणून सासूबाई तो पाळत असतील तर ही सोय मला फार मोलाची वाटते. पाटीचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवा आणि मासे, कोळंबी, अंडी नकोत, हे थाई लिपीत लिहून घेतलेला कागद त्यांच्याजवळ द्या. फाहुरात भागात भारतीय उपाहारगृहे आहेत. निदान एक वेळचे जेवण तिथे ठेवावे, म्हणजे मुलांना थाई चवी निवांत चाखता येतील आणि सासूबाईंना आपली कोणाला अडचण झाल्यासारखे वाटणार नाही.