डबी वाजते म्हणून

एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची रोजची औषधं, सुरू होऊन वर्ष उलटलं की बहुतेक जण एकदा तरी विचारतात, "आता ठणठणीत आहे, गोळ्या बंद केल्या तर?" सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरचा एक तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख, हाच प्रश्न घेऊन माझ्यासमोर बसला होता. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

पहिल्यांदा आला तेव्हा तोंडात पांढरे चट्टे, सोबत टीबी, सीडी४, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, जेमतेम १००. सहा महिने टीबीचं औषध आणि रोज एआरटीची गोळी, एवढ्यावर गडी पुन्हा भरला. आता मात्र व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, १८ हजार. तो हजाराच्या खाली हवा; नियमित गोळी घेणाऱ्याच्या रक्तात तर बहुतेक वेळा तपासणीत सापडतही नाही.

"माका आता कायएक त्रास नाय, ताई. मगे गोळी कित्याक खावची?"

मी नेहमीचं सांगितलं. गोळी विषाणूला वाढू देत नाही, पण संपवत नाही. तो काही पेशींत दबा धरून बसतो. गोळी थांबली की काही आठवड्यांत रक्तात पुन्हा वाढतो. सीडी४ हळूहळू घसरतो, म्हणून सुरुवातीला काहीच जाणवत नाही. आणि आज घेतली, उद्या नाही असं केलं, तर पुढे तीच गोळी लागू पडेनाशी होते. तो मान हलवत राहिला. मान हलवणाऱ्याला पटलेलं असतंच असं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

मग त्याचं कार्ड काढलं. दर महिन्याला आम्ही उरलेल्या गोळ्या मोजतो. जून-जुलैत शिल्लक शून्य. ऑगस्टनंतर सहा, नऊ, अकरा. म्हणजे मासेमारी बंदीत, होडी किनाऱ्याला असताना, एकही चुकली नव्हती!

"होडीवर काय होतं?"

बराच वेळ तो चपलेचा अंगठा वळवत बसला. "डबी वाजता," म्हणाला.

चार खलाशी हातभर अंतरावर झोपलेले. रात्री पिशवीत हात घातला की गोळ्या खुळखुळतात, कोणीतरी विचारतं. एकदा 'पित्ताची' म्हणून सुटला, तर दुसऱ्या दिवसापासून जेवण करणारा पोरगा खरंच पित्ताची गोळी आणून देऊ लागला. यावर आम्ही दोघंही हसलो. पण अँटासिड घ्यायचंच तर एआरटीची गोळी त्याआधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी, हे बजावून सांगितलं.

होडीवर सगळ्यांना सांग, असं मी म्हटलं नाही. सांगायचं की नाही ते त्याचं त्याने ठरवायचं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानेही तो हक्क दिलाय. फक्त डबीत वरपर्यंत कापूस भरायला सांगितलं. सुट्या गोळ्या खिशात नकोत, खाऱ्या दमट हवेत खराब होतात. वेळ रात्रीऐवजी पहाटेच्या चहाची ठरली. बायकोचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, पण व्हायरल लोड खाली येईपर्यंत कंडोम सोडायचा नाही, हे त्याने स्वतःच विचारून घेतलं.

परवा आला तेव्हा दोन गोळ्या शिल्लक होत्या. मी विचारायच्या आत म्हणाला, "दोन दिस डबी घराकच रवली."

व्हायरल लोडची तपासणी पुढच्या महिन्यात आहे.