युझर लेयर चालू असला तर युझरचा डेटा त्यातच ठेवावा का?

तुमचा प्रश्न असा आहे की 40 जणांच्या ऑफिसात लेयरवाले व्हर्च्युअल डेस्कटॉप (सर्व्हरवर चालणारे, थरावर थर रचून केलेले विंडोज) बसवलेत, ओएसचा म्हणजे विंडोजचा लेयर वेगळा, अॅपचे लेयर वेगळे, वर प्रत्येकाचा युझर लेयर, आणि त्यात सगळंच साठतंय तर मग फाइल सर्व्हर आणि प्रोफाइलचा (प्रत्येकाच्या सेटिंगचा) वेगळा खटाटोप कशाला. मी सांगलीत विश्रामबागेत बसून हेच काम करतो, माझं उत्तर म्हणजे कागदपत्रं त्यात ठेवू नका.

युझर लेयर म्हणजे शेअरवर (नेटवर्कवरच्या सामाईक फोल्डरात) पडलेली एक व्हीएचडी फाइल, म्हणजे फाइलच्या रूपातली हार्डडिस्क, लॉगिन केलं की ती जोडली जाते आणि युझरनं जे काही लिहिलं, बसवलं ते सगळं तिच्यात जातं. ती सगळ्यात वर बसते म्हणून एकच फाइल खाली पण आणि वर पण असली तर वरचीच चालते. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात आम्हाला हे लय महागात पडलं. तिथल्या हिशोब बघणाऱ्या ताईंनी मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर स्वतःच बसवलं होतं, तीन महिन्यांनी आम्ही तेच नवीन व्हर्जन अॅप लेयरमधून सगळ्यांना दिलं, बाकीच्यांना आलं आणि ताईंच्या स्क्रीनवर मात्र जुनंच, कारण जुन्या फाइली त्यांच्या लेयरमध्ये वर बसलेल्या. सरळ उपाय म्हणजे लेयर रीसेट, तो पुसून कोरा करायचा. पण त्यातच त्यांच्या पट्ट्या आणि सौदापट्टीच्या एक्सेल फाइली! शेवटी व्हीएचडी दुसऱ्या मशिनवर माउंट करून एकेक फोल्डर काढून घेतला, दोन दिवस गेले.

तेव्हापासून डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप हे फोल्डर रीडायरेक्शननं (फोल्डरची जागाच दुसरीकडं वळवून) फाइल सर्व्हरवर, किंवा वनड्राइव्ह असेल तर तिकडं. आउटलुकची ओएसटी (मेलची साठवलेली प्रत), ब्राउझर, सेटिंग हे प्रोफाइलचं सामान एफएसलॉजिक्स या प्रोफाइल सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या (2018 ला मायक्रोसॉफ्टनं घेतलं ते) कंटेनरमध्ये, म्हणजे प्रत्येकाच्या वेगळ्या व्हीएचडी फाइलमध्ये. युझर लेयर फक्त ज्यांना स्वतः काही बसवायची खरंच गरज आहे त्यांना, आणि तो कधीही उडवता येईल असं धरूनच. एफएसलॉजिक्स आणि पूर्ण युझर लेयर या दोघांना एकच प्रोफाइल सांभाळायला देऊ नका, कुठलं सेटिंग कुठून आलं ते शोधत बसाल.

एक गोष्ट मात्र नीट बघा. कंटेनरची फाइल साधारणपणे एका वेळी एकाच सेशनला (लॉगिनला) लिहायला मिळते, जुनं सेशन अडकून राहिलं की नवीन लॉगिनला ती जोडली जात नाही आणि विंडोज गपचूप टेम्पररी प्रोफाइल देतं, माणूस दिवसभर त्यात काम करून डेस्कटॉपवर सेव्ह करतो आणि लॉगऑफला सगळं गेलं. म्हणून एफएसलॉजिक्समध्ये प्रिव्हेंट लॉगिन विथ टेम्प प्रोफाइल हे सेटिंग 1 करून ठेवा, लॉगिन अडलं तर अडू द्या, निदान फोन तरी येतो. अँटीव्हायरसच्या तपासणीतून व्हीएचडी आणि व्हीएचडीएक्स (तिचाच नवा प्रकार) वगळा. शेअरच्या मुळाशी युझरला मॉडिफाय (बदल करायची) परवानगी फक्त त्या मुळाच्या फोल्डरपुरती द्या, आतल्या फोल्डरांना लागू नको, नाहीतर एकाला दुसऱ्याची फाइल उघडता येते. जागेचं म्हणाल तर एफएसलॉजिक्सची मर्यादा मूळची 30000 एमबी असते, आतलं डिलीट केलं म्हणून बाहेरची फाइल आपोआप बारीक होत नव्हती, 2210 व्हर्जनपासून लॉगऑफला ती आवळली जाते.

आणि हा सर्व्हर तळमजल्यावर नको! 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै आपण बघितलाय, कृष्णेचं पाणी आलं की कुठल्या गल्लीपर्यंत येतं ते सांगायला नको. बॅकअपची एक प्रत गावाबाहेर पाहिजेच, आणि बॅकअप रात्री सगळे लॉगऑफ झाल्यावर घ्या, कारण उघड्या व्हीएचडीची नुसती कॉपी भरवशाची नसते.

हे सगळं लावलं की एका युझरला विचारून, सुट्टीच्या दिवशी, त्याचा लेयर बाजूला काढून ठेवा आणि त्याला लॉगिन करायला लावा. एक जरी कागद सापडला नाही तर तो कुठं सेव्ह होत होता ते त्याच दिवशी शोधा, मगच बाकीच्या 39 जणांकडं जा.