बांधापलीकडे सोलर येतंय आणि मैत्रीण बोलत नाही

ताई,

माझं वय 43. माझी आणि माझ्या मैत्रिणीची जमीन बांधाला बांध लागून आहे. वीस वर्षं एकमेकींच्या आधारानं शेती केली. तिचा नवरा गेला त्या वर्षी तिची पेरणी आम्ही उरकून दिली. माझ्या बाळंतपणात माझ्या गोठ्यातल्या धारा तिनं काढल्या. आता आमच्याकडे अडीचशे एकरांवर 50 मेगावॉटचा सोलर प्रकल्प येतोय आणि तिनं सगळी जमीन 28 वर्षांच्या भाडेकरारानं द्यायचं ठरवलंय. हे मला तिनं सांगितलं नाही, एजंटाकडून कळलं. (त्यांनी आमचीही जमीन पाहिली होती, पण मधून ओढा जातो म्हणून नको म्हणाले.)

गावात दोन तट पडलेत. कुणी म्हणतं माती विषारी होणार, कुणी म्हणतं पाऊस पळणार, कुणी म्हणतं विरोध करणारे नुसते जळतात. मी विरोधाच्या निवेदनावर सही केली आणि त्या दिवसापासून तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. तिच्या शेतात कामाला येणाऱ्या तिघीजणी मला विचारतात, आमचं काय? पुढच्या आठवड्यात गावची सभा आहे. विरोधकांनी मला बोलायला सांगितलंय, कारण ‘तुम्ही तिच्या जवळच्या, तुमच्या शब्दाला वजन येईल.’ एवढी चांगली जमीन काचेखाली जाताना मला बघवत नाही. पण तिच्याविरुद्ध उभं राहायचं म्हटलं की जीभ रेटत नाही. माझं चुकतंय का?

– बांधाच्या अलीकडची

प्रिय बांधाच्या अलीकडची,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा कंसातल्या त्या वाक्यापाशी थांबले. ते लिहिलं नसतंत तरी पत्र पुरं झालं असतं. तरीही लिहिलंत, म्हणजे ते कुठंतरी सलतंय. म्हणून आधी तेच विचारते, रागावू नका. ओढा नसता आणि एजंट कागद घेऊन तुमच्याच दारात येऊन बसला असता, तर तुम्ही काय म्हणाला असता?

उत्तर मला कळवू नका, सभेआधी स्वतःला द्या. ‘तेव्हाही नाहीच म्हटलं असतं’ असं आतून आलं, तर तुमचा विरोध पक्का आहे. ‘कदाचित हो म्हटलं असतं’ असं आलं, तर मातीच्या काळजीसोबत डावललं गेल्याचं दुःखही आहे, आणि त्याची लाज वाटायचं काहीच कारण नाही. भाडं पलीकडच्याला मिळतं आणि तारेचं कुंपण, बांधकामाची धूळ, दोन वर्षं ट्रकांची ये-जा अलीकडच्यानं सोसायची, ही वाटणी अन्यायाचीच आहे. मात्र ती तुमच्या मैत्रिणीनं केलेली नाही. त्याचा जाब प्रकल्पवाल्यांना विचारायचा.

आता तिच्याबद्दल. एकटी बाई, नवरा नाही, शेती स्वतःच्या अंगावर. पाऊस चुकला, भाव पडला, मजूर मिळाले नाहीत, तरी 28 वर्षं ठरलेल्या तारखेला पैसे येणार, हे कुणी तिच्यापुढे ठेवलं तर तिला काय वाटलं असेल? तिची शेती तिला किती जड जात होती हे तुमच्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही. तिनं जमीन विकलेली नाही. भाड्यानं देतेय, मालकी तिचीच राहणार आहे. तुम्हाला हा निर्णय पटू नये, चालेल. पण तो हव्यासातून आलाय असं एक क्षणही मानू नका.

पत्रात मला सगळ्यात जास्त लागलं ते असं: तिचा करार तुम्हाला एजंटाकडून कळला आणि तुमची सही तिला गावाकडून कळली. माझ्या थोरल्या काकांनी त्यांचा हिस्सा विकायचं ठरवलं, ते माझ्या वडिलांना भर बाजारात तिसऱ्याच माणसानं सांगितलं. पुढची 11 वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. वडील अखेरपर्यंत म्हणायचे, ‘विकलं त्याचं काही नाही. मला येऊन सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं.’ काका म्हणायचे, ‘सांगायला गेलो असतो तर त्यानं मला विकू दिलं नसतं.’ दोघंही खरं बोलत होते. तुमची मैत्रीण तुम्हाला का सांगू शकली नाही, याचा विचार करताना मला काकांचं ते वाक्य आठवतं. तुमचं मन मोडेल हे तिला आधीच माहीत होतं.

गावात जे बोललं जातंय त्याचं आधी निवारण करू, कारण भीतीनं केलेला विरोध सभेत टिकत नाही. बहुतेक पॅनेल सिलिकॉनची असतात. वजनानं पाहिलं तर त्यांत सुमारे तीन चतुर्थांश काच असते, बाकी ॲल्युमिनियमची चौकट, प्लॅस्टिकचे थर, थोडं तांबं. जोडणीच्या टाक्यात किंचित शिसं असतं. एका जातीच्या पॅनेलांत कॅडमियम टेल्युराइड, म्हणजे कॅडमियम या विषारी धातूचं संयुग वापरतात. धड पॅनेलातून माती विषारी होत नाही. फुटकी पॅनेलं वर्षानुवर्षं शेतात पडू दिली तर गोष्ट वेगळी. म्हणून ‘कुठल्या जातीची लावणार, फुटलेली किती दिवसांत उचलणार’ हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. अडीचशे एकरांच्या पॅनेलांनी गावाचा पाऊस पळत नाही. पाऊस ठरवणारे वारे आणि ढग त्याहून कितीतरी मोठ्या मापाचे असतात. उष्णतेच्या बोलण्यात मात्र थोडं तथ्य आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनात झालेला एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. तिथं प्रकल्पाच्या जागेवर रात्रीचं तापमान आसपासच्या मोकळ्या वाळवंटापेक्षा 3 ते 4 अंशांनी जास्त भरलं. पण ते वाळवंट होतं आणि मोजणी प्रकल्पाच्या आतली होती. बांधाअलीकडच्या तुमच्या उभ्या पिकावर तेवढाच परिणाम होईल, असं त्यावरून म्हणता येत नाही.

मी स्वतः अशा एका प्रकल्पाच्या कुंपणाशी भर दुपारी उभी राहिले आहे. भाच्याकडे गेले होते, त्याच्या शेताला लागूनच तो होता. इन्व्हर्टरची एकसुरी गुणगुण ऐकू येत होती. पन्नास-साठ पावलं मागं आल्यावर ती वाऱ्यात विरली. पॅनेलांच्या ओळींखाली गवत माजलं होतं आणि त्यात मेंढ्या चरत होत्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते बरं दिसलं, हे प्रामाणिकपणे सांगते. पण भाच्यानं हात लांब करून दाखवलं, पूर्वी ओढ्याकडे जाणारी पायवाट तिथून होती. आता कुंपणाला वळसा घालून जावं लागतं, जनावरं घेऊन अर्धा तास जास्त. करार झाला तेव्हा त्या वाटेचा विषय कुणी काढलाच नव्हता. तुमच्याकडेही ओढा आहे. त्याच्याकडे जाणारी वाट कुणाच्या जमिनीतून जाते, ते आजच बघून ठेवा.

जमिनीचं खरं नुकसान होतं ते बांधकामाच्या वर्षात. पॅनेलांचे खांब बहुधा थेट जमिनीत ठोकतात, ते पुढे उपटता येतात. पण ओल्या मातीवरून जड यंत्रं फिरली की ती दगडासारखी दबते, आणि सपाटीकरणात वरचा सुपीक थर खरवडून कुठेतरी ढिगात टाकला की तो परत जागेवर येत नाही. केबलसाठी चर खणतानाही खालची माती वर आणि वरची खाली होते. वरचा थर वेगळा काढून ठेवायचा, पावसाळ्यात जड काम बंद, पॅनेलांखाली लगेच गवत पेरायचं, एवढं करारात आलं तर 28 वर्षं विश्रांती घेतलेली जमीन पुढे पिकू शकते. यातलं काहीच नसेल, तर तुमच्या मैत्रिणीच्या मुलांना जे परत मिळेल त्याला शेत म्हणणं कठीण.

माझं मत विचाराल तर, सूर्याची वीज हवीच. कोळसा जाळत राहिलो तर पुढे कुणाच्याच शेतावर पाऊस वेळेवर येणार नाही. पण चांगली काळी जमीन हा त्यासाठीचा शेवटचा पर्याय असावा. आधी छपरं, पडीक माळ, खाणींच्या उजाड जागा, कालव्यांचे काठ. कंपन्या चांगल्या जमिनीकडे येतात त्याला साधी कारणं आहेत: ती सपाट असते, विजेचं उपकेंद्र जवळ असतं, रस्ता असतो. एका मेगावॉटला साधारण 5 एकर लागतात, तेवढी सलग जागा माळावर जुळवायला त्यांना जास्त खटपट पडते. ही सोय त्यांची आहे, गावानं ती मुकाट मान्य करायलाच हवी असं नाही. इटलीनं 2024 मध्ये शेतजमिनीवर जमिनीलगत पॅनेल लावण्यावर कडक बंधनं आणली. जपाननं 2013 पासून वेगळी वाट धरली: पॅनेल उंचावर लावा, खाली शेती चालू ठेवा, आणि उत्पन्न त्या भागाच्या सरासरीच्या 80 टक्क्यांखाली जाता कामा नये. कल्पना त्याहून जुनी आहे, गोएट्झबर्गर आणि झास्ट्रो या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी ती 1981 सालीच मांडली होती. जर्मनीत हेगेलबाखच्या एका शेतावर 2016 पासून 5 मीटर उंचीवर पॅनेल आहेत, खालून मळणीयंत्रसुद्धा जातं. असा सांगाडा उभारायला खर्च जास्त येतो, म्हणून कुणी आपणहून त्याचं नाव काढत नाही. सभेत ते नाव कुणीतरी काढायला हवं.

आणि त्या तिघीजणी. तुम्ही त्यांचा उल्लेख एका ओळीत केलात, पण या सगळ्या प्रकरणात त्यांचाच प्रश्न सगळ्यात निकडीचा आहे. जमीनमालकाला भाडं मिळतं, कंपनीला वीज मिळते, आणि दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या बाईचं काम ज्या दिवशी कुंपण होतं त्या दिवशी संपतं. कर्नाटकात पावगड इथं सुमारे 13,000 एकरांवर 2,000 मेगावॉटहून मोठा प्रकल्प झाला. जमिनी विकत न घेता भाड्यानं घेतल्या, पुष्कळ शेतकऱ्यांना ते सोयीचंही पडलं. भूमिहीन मजुरांचं शेतातलं काम मात्र गेलं, आणि सुरक्षारक्षक, गवत काढणारे, पॅनेल धुणारे अशा मोजक्या नोकऱ्यांत ते भरून निघालं नाही. तुमच्या गावात विरोधाच्या निवेदनावर त्या तिघींच्या सह्या आहेत का? मला शंका आहे, त्यांना कुणी विचारलंच नसेल.

तर सभेचं. ‘तिच्या जवळची’ म्हणून बोलायला उभ्या राहू नका. ज्यांनी तुम्हाला पुढे केलंय त्यांना तुमचं म्हणणं नकोय, तुमचं नातं हवंय, तिच्यावर उगारायला. त्यांना स्पष्ट सांगा: बोलायचं असेल तर मी माझ्या नावानं बोलेन, तिच्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. मग तुम्हाला खरोखर जे वाटतं ते बोला. मातीचा थर, ओढ्याची वाट, मजूर बायकांचं काम, शेजारच्या शेतकऱ्यांना मोबदला, उंचावरच्या पॅनेलांचा पर्याय. आणि तुम्हाला प्रकल्प मुळातच नको असेल तर तसंही सांगा. सही मागे घ्यायची गरज नाही. मैत्रिणीची मर्जी राखायला मागे घेतलेली सही तिलाही नको असेल.

पण हे सगळं सभेनंतर तिला कुणीतरी येऊन सांगावं, असं पुन्हा होऊ देऊ नका. सभेच्या आधी तिच्या घरी जा. फोन नको, कुणाच्या हाती निरोप नको. निवेदनाची प्रत सोबत न्या आणि तिच्या हातात द्या. ती कदाचित दारातच उभी ठेवेल. उभ्या राहा. ‘ही सही मी केली, तुला आधी सांगायला हवं होतं, ते माझं चुकलं,’ एवढं आधी म्हणा. मग ‘पण जमिनीचं मला अजून पटत नाही’ हेही म्हणा, गिळू नका. ती म्हणेल, तुला काय जातंय बोलायला. तिला म्हणू द्या. नवरा गेल्यावर तिनं किती रात्री एकटीनं हिशोब जुळवला असेल, ते कदाचित त्याच दिवशी तुम्हाला पहिल्यांदा ऐकायला मिळेल.

आणि एक गोष्ट तुम्ही तिच्यासाठी करू शकता, विरोधात असूनही. सह्या झाल्या नसतील तर तिला विचारा, करार मला वाचून दाखवशील का? भाच्याच्या शेजाऱ्याचा करार मी वाचला होता. भाड्याचा आकडा पहिल्याच पानावर ठळक होता. मुदत संपल्यावर पॅनेल, खांब, केबल काढून जमीन ‘शक्य तितकी’ पूर्ववत करण्याचं वाक्य शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होतं, आणि त्यासाठी कुठलीही रक्कम आधी बाजूला ठेवलेली नव्हती. पॅनेलं 25-30 वर्षं चालतात, दर वर्षी त्यांची वीज साधारण अर्ध्या टक्क्यानं घटते. तोवर कंपनी दोन-तीनदा विकली गेलेली असू शकते. तेव्हा ते लोखंड आणि ती काच कोण उचलणार? बँकेची हमी हवी, आणि कंपनी विकली तरी नव्या मालकावर ती बंधनकारक हवी. भाडं किती वर्षांनी किती वाढणार, काम सुरूच झालं नाही तर जमीन किती दिवस अडकून राहणार, कंपनी ती जमीन कर्जासाठी गहाण टाकू शकते का, हेही बघा. एकटीनं वाचताना यातलं बरंच निसटतं. स्वतःचा वकील लावायला सांगा तिला, एजंटानं आणलेला नव्हे.

कागद दाखवायला ती तयार झालीच, तर शेवटच्या पानापासून सुरुवात करा.

– तुमची ताई