सांगलीतील छोट्या कॅथलिक शाळेचा इतिहास लिहिताना

नमस्कार. सांगलीतील आपल्या छोट्या कॅथलिक प्राथमिक शाळेच्या स्मरणिकेसाठी 'इतिहास आणि मूल्ये' असा लेख आपल्याकडे सोपवला आहे, हाताशी संस्थेचे माहितीपत्रक तेवढे आहे आणि त्यात प्रेम, सेवा, शिस्त यांपलीकडे काही नाही, मग लिहावे काय, असे आपण विचारले आहे. प्राथमिक शिक्षक म्हणून नोकरी करताना आणि निवृत्तीनंतरही मी या भागातील शाळांची जुनी दप्तरे आवडीने पाहत आलो आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, शाळेने आपला पैसा, जागा आणि वेळ कोणासाठी खर्च केला यातच तिची मूल्ये दिसतात आणि त्याच्या नोंदी दप्तरात असतात. म्हणून इतिहास आणि मूल्ये असे दोन भाग करू नयेत.

शाळा नेमकी कोणाची, हे आधी निश्चित करावे. आपल्याकडे कोणतीही ख्रिस्ती संस्था 'मिशनची' म्हणून ओळखली जाते आणि त्यातून सरमिसळ होते. मिरजेचे १८९४ सालचे डॉ. वॉन्लेस यांचे रुग्णालय प्रेस्बिटेरियन मिशनचे, तर साताऱ्यात काम केलेले अमेरिकन मराठी मिशनही प्रॉटेस्टंटच. त्यांचे कार्य मोठे आहे, पण तो वारसा आपल्या शाळेच्या नावावर लिहू नये. कॅथलिक शाळा बहुधा धर्मप्रांताची, म्हणजे बिशपच्या अधिकारातील विभागाची, असते किंवा एखाद्या धर्मभगिनी-संघाची (सिस्टरांच्या संस्थेची), आणि दोघांची कागदपत्रे वेगळ्या ठिकाणी असतात. सांगली पुणे धर्मप्रांतात येते, आणि तो धर्मप्रांत १८८६ सालचा आहे. संघाची शाळा असेल तर संघाची मूळ प्रेरणा जरूर द्यावी, पण तेवढ्यावर थांबू नये. पाचगणीचे सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट १८९५ साली 'डॉटर्स ऑफ द क्रॉस' या संघाच्या भगिनींनी सुरू केले. बेल्जियममधील लिएज शहरात मदर मारी तेरेझ हाझ यांनी १८३३ साली हा संघ स्थापन केला तो गरीब मुलींच्या शिक्षणासाठी आणि रुग्णसेवेसाठी, आणि १८६२ साली त्याच्या भगिनी कराचीत आल्या. पाचगणीत मात्र त्यांची शाळा निवासी शाळा म्हणून नावारूपाला आली. एकाच प्रेरणेतून दोन गावांत दोन वेगळ्या शाळा उभ्या राहू शकतात. त्यामुळे सांगलीत त्या प्रेरणेचे काय झाले, हे सांगलीच्याच कागदांतून शोधावे लागते.

ते शोधताना एक लक्षात ठेवावे. १९४८ पूर्वी सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते, १९४९ साली जो जिल्हा झाला त्याचे नाव 'दक्षिण सातारा' होते आणि 'सांगली जिल्हा' हे नाव १९६० साली आले. शिक्षण खात्याच्या जुन्या पत्रव्यवहारात सांगलीचा उल्लेख न सापडल्यास निराश होऊ नये. दक्षिण सातारा या नावाखाली पाहावे.

आता मुख्य साधनाकडे येतो, ते म्हणजे जनरल रजिस्टर. प्रत्येक मुलाचे नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, आधीची शाळा, दाखल झाल्याची व शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण त्यात असते. जुने प्रवेश अर्ज जपलेले असतील तर पालकांचा व्यवसायही कळतो. दर दहा वर्षांतील एका वर्षाची पाने नीट वाचली तरी चित्र उभे राहते. मार्केट यार्डातील हमालांची, हळदीच्या गोदामांत काम करणाऱ्या बायकांची, मिरजेच्या रेल्वे कामगारांची मुले येत होती का, आणि कधीपासून येईनाशी झाली? शाळा सोडण्याचे कारण 'फी थकल्यामुळे' असे कितीदा आहे? मुली चौथीनंतर कुठे गेल्या? शेरेबुकात तपासणी अधिकाऱ्यांनी काय लिहिले, मराठी माध्यम बदलून इंग्रजी केले असेल तर संस्थेच्या इतिवृत्तात त्याचे कारण काय दिले आहे, हेही पाहावे. माध्यमाचा बदल हा माझ्या मते अशा शाळेच्या आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णय असतो, कारण त्याने वर्गात बसणारी मुलेच बदलतात, आणि स्मरणिकांत नेमका तोच एका ओळीत उरकलेला असतो.

याच मातीतले उदाहरण घ्यायचे तर कर्मवीर भाऊराव पाटलांचे घ्यावे. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले; तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवली. समतेवरचे त्यांचे विचार माहीत नसलेल्या माणसालाही ती पंगत कळते. आपल्या शाळेत डबा खाताना मुले कशी बसत, शिपायाचे मूल त्याच वर्गात होते का, सिस्टर वस्तीत घरी जात होत्या का, हे माजी विद्यार्थ्यांना विचारावे. 'शाळेने काय दिले' असा प्रश्न विचारला की ठरावीक उत्तरे येतात. 'फी भरायला उशीर झाला तेव्हा काय झाले' असे विचारल्यास माणसे खरे बोलू लागतात.

धर्माबद्दल संकोच न करता लिहावे. जगभरातील कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वीकारलेल्या शिक्षणविषयक घोषणापत्रात पालक हेच मुलांचे पहिले शिक्षक मानले आहेत आणि गरिबांची, तसेच ख्रिस्ती नसलेल्यांची विशेष काळजी घेण्यास सांगितले आहे. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क दिला आणि कलम २८ ने मान्यताप्राप्त शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येणार नाही, असे ठरवले. म्हणूनच अशा शाळांत सहसा कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास आणि इतरांचा मूल्यशिक्षणाचा तास अशी व्यवस्था असते. आपल्याकडे ती कशी होती, सकाळची प्रार्थना कोणती होती आणि ती कधी बदलली, हे साधेपणाने नोंदवावे.

शिक्षण हक्क कायद्याचा विषयही टाळू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळा या कायद्याबाहेर राहिल्या आणि दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के जागांचे बंधन त्यांच्यावर उरले नाही. २०२५ मध्ये दुसऱ्या पीठाने त्याविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यास सुचवले आहे. कायद्याची सक्ती नसताना आपल्या शाळेने गरीब मुलांना किती जागा दिल्या आणि फीमाफीचा खर्च कोणी सोसला, हा आकडा कार्यालयातून मिळवून लेखात द्यावा. तो लहान असला तरी द्यावा.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. कृष्णेच्या २००५ आणि २०१९ च्या पुरांत सांगलीतील अनेक ठिकाणचे कागद भिजले आहेत, त्यामुळे हाती आलेल्या रजिस्टरची प्रत्येक पानाची छायाचित्रे आधी काढावीत आणि लेखनाला नंतर बसावे. रजिस्टरमध्ये मुलांची जात आणि वर्तनावरचे शेरे असतात. ती पाने नावांसह स्मरणिकेत छापू नयेत, आणि कोणा माजी विद्यार्थ्याची हकीकत द्यायची असेल तर त्याची लेखी परवानगी घ्यावी.