कृषी संशोधन सर्वांसाठी खुले केल्याने गावातल्या शेतकऱ्याला खरोखर काही मिळते का?

आपण विचारले आहे की, कृषी संशोधन संस्थांचे शोधनिबंध आणि पुस्तिका इंटरनेटवर मोफत ठेवल्याने खेड्यातल्या शेतकऱ्याचा काही लाभ होतो का, की तो केवळ संशोधकांच्या सोयीचा विषय आहे. मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाचे काम पाहते आणि आमच्या घरचे पोफळीचे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर दोन्हीकडून येतो. लाभ निश्चित होतो, असे माझे मत आहे. मात्र मोफत वाचता येणे एवढ्यावर तो होत नाही. ते ज्ञान आपल्या भाषेत उतरवून, छापून वाटण्याची मुभा असेल आणि शेतकऱ्याचा अनुभव उलट संशोधकापर्यंत पोहोचत असेल, तरच होतो.

आमच्याच बागेतले उदाहरण सांगते. पावसाळ्यात पोफळीवर कोळेरोग येतो आणि कोवळ्या सुपाऱ्या कुजून गळतात. हा रोग फायटोफ्थोरा नावाच्या सूक्ष्मजीवामुळे होतो, हे लेस्ली कोलमन या शास्त्रज्ञाने म्हैसूर संस्थानात १९१० मध्येच मांडले होते, आणि त्यावरचा बोर्डो मिश्रणाचा उपाय आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे. एक किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, ५० लिटर पाण्यात विरघळवायचे, एक किलो चुना वेगळ्या ५० लिटर पाण्यात कालवायचा, मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळायचे आणि मिश्रण त्याच दिवशी वापरायचे. पहिली फवारणी पाऊस लागण्यापूर्वी आणि दुसरी ४० ते ४५ दिवसांनी. आमच्या घरी हे वर्षानुवर्षे याच प्रमाणात होत होते, तरीही काही वर्षी कोवळ्या फळांवर करपल्यासारखे डाग पडत, आणि सासरे त्याचा दोष पावसाला देत.

दोष चुन्याचा होता. हवा लागून जुना झालेला चुना निकामी होत जातो, मग एका किलोत मोरचुदाची आम्लता पुरती मोडत नाही आणि मोकळे राहिलेले तांबे झाडालाच भाजते. याची परीक्षा फार सोपी आहे. घासून लखलखीत केलेली लोखंडी सुरी मिश्रणात थोडा वेळ बुडवून ठेवायची. तिच्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण आम्ल आहे असे समजायचे आणि थर चढेनासा होईपर्यंत चुन्याचे पाणी वाढवायचे. ही चार ओळींची माहिती मला सरकारी पैशातून निघालेल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तिकेत मिळाली, तीही योगायोगाने, कारण त्या पुस्तिकेची पाने नुसती छायाचित्रे म्हणून चढवलेली होती आणि शोधयंत्राला त्यांतला एकही शब्द दिसत नव्हता. ती पुस्तिका मोफतच होती, परंतु सुरीची परीक्षा आमच्या अंगणात यायला माझ्या सासऱ्यांचे अर्धे आयुष्य गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

त्या पुस्तिकेतली पाने आकृत्यांसह मराठीत आणि कोंकणीत करून वाचनालयातर्फे पन्नास प्रती काढाव्यात, असे मी ठरवले आणि परवानगीसाठी संबंधित कार्यालयाला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. माहितीवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, तो मांडणीवर आणि चित्रांवर असतो, म्हणून शेवटी मी सारे माझ्या शब्दांत लिहिले आणि आकृत्या वगळल्या. पण सुरीवरचा थर नेमका कसा दिसतो, हे शब्दांपेक्षा चित्रातूनच चांगले कळले असते. खुल्या ज्ञानाची जी व्याख्या २००२ मध्ये बुडापेस्टच्या जाहीरनाम्यात झाली, तिच्यात वाचण्याबरोबरच प्रत काढणे आणि वाटणे यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनेही सप्टेंबर २०१३ मध्ये खुल्या उपलब्धतेचे धोरण स्वीकारले आणि कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’ या भांडारात ठेवले जातात. हे पाऊल मोठेच आहे. तरीही प्रत्येक पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ‘भाषांतर करा, छापा, वाटा, मूळ संस्थेचे नाव द्या’ एवढे एक वाक्य असावे, असे मला कळकळीने वाटते. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने, म्हणजे लेखकाने आपले लिखाण इतरांना वापरू देण्याची तयार संमतीपत्रे, नेमके यासाठीच आहेत आणि ते लावायला पैसे पडत नाहीत.

‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेचा उल्लेख कोणी करील, म्हणून तेही सांगते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेवर तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवलेले आहेत आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना मिळतात. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यासाठी ती उत्तम आहे. गावचे वाचनालय, सहकारी सोसायटी किंवा शेतकरी तिच्यात बसत नाही.

भाषेचा प्रश्न गोव्यात जरा गुंतागुंतीचा आहे. आमच्या वाचनालयात येणारे बहुतेक बागायतदार घरात कोंकणी बोलतात आणि वाचतात मराठी, म्हणून त्यांच्या हाती दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची मराठी प्रकाशने सहज जातात, तर जुन्या गोव्यात एला येथे असलेल्या केंद्रीय तटीय कृषी अनुसंधान संस्थेचे बरेचसे संशोधन इंग्रजीत राहते. दापोलीचे साहित्य चांगलेच असते. परंतु कोणतीही शिफारस कोणत्या जमिनीत, किती पावसात आणि कोणत्या वर्षी तपासली, हे तिच्यासोबत आले नाही तर वाचणारा ती आपल्या शेताला लावून पाहू शकत नाही. खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल जमिनीत, तर हे फारच महत्त्वाचे ठरते, कारण तिथे बांध फुटला किंवा मानशीची, म्हणजे खारे पाणी अडवणाऱ्या दाराची, फळी नीट बसली नाही की त्या हंगामात जमिनीतला खार बदलतो आणि मागच्या वर्षीचा सल्ला चालत नाही.

खाजनांवरून आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. खाऱ्या पाण्यात तग धरणारे कोरगुट हे भात इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले. त्यातूनच निवड करून एलाच्या संस्थेने ‘गोवा धान १’ आणि ‘गोवा धान २’ हे वाण दिले. म्हणजे मूळ ज्ञान शेतातून प्रयोगशाळेत गेले आहे. त्यावरचे निष्कर्ष त्याच शेतकऱ्याला वाचता यावेत, हा माझ्या मते त्याचा हक्क आहे, त्याच्यावर केलेला उपकार नव्हे.

सुरुवात कुठून करावी, असेही आपण विचारले आहे. आपल्या गावात दरवर्षी नुकसान करणारा एकच रोग किंवा एकच पीक निवडावे, त्यावरची खुली पुस्तिका शोधून कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी आणि एका पानात बसेल इतके मोठ्या अक्षरात छापावे; त्या पानावर संस्थेचे नाव, वर्ष आणि चाचणीचे ठिकाण अवश्य द्यावे. आम्ही कोळेरोगाचे पान मे महिन्यात वाटतो आणि त्याच्या पाठीमागे बागायतदाराला लिहिण्यासाठी जागा कोरी ठेवतो. परत आलेल्या पानांवर एकच प्रश्न वेगवेगळ्या हस्ताक्षरांत पुन्हा पुन्हा येतो: जुलैभर पावसाने उघडीप दिलीच नाही आणि ४५ दिवसांनंतरही पाडेली, म्हणजे पोफळीवर चढणारा गडी, झाडावर चढू शकला नाही, तर दुसरी फवारणी कधी आणि कशी घ्यावी? माझ्या हाती असलेल्या पुस्तिकांत याचे उत्तर नाही, म्हणून ती पाने एकत्र करून आम्ही कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवली आहेत.