विलायती कुलूप, बडोद्याचं कपाट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आत्याच्या घरून पलंग, आरशाचं कपाट, ड्रेसिंग टेबल आणि संगमरवरी पाट्याचं वॉशस्टँड (तोंड धुण्याचं टेबल) आलंय. खणाच्या कुलपावर इंग्रजी नाव आहे. बघायला आलेला व्यापारी म्हणतो, 'सगळा सेट विलायती फॅक्टरीचा, आरसा बेल्जियमचा.' फॅक्टरी कुठली, विकावा का, पॉलिश करावं का?

आधी कुलपाचं. चब किंवा हॉब्ज या इंग्लिश कंपन्यांचं कुलूप म्हणजे कुलूप विलायती, एवढंच. मारुतीत बॉशचा प्लग निघाला म्हणून गाडी जर्मन होत नाही. कुलपं, बिजागऱ्या, पायाची पितळी चाकं, आरशाच्या काचा हा सुटा माल बोटीने मुंबईला यायचा. 1864 पासून मुंबई-बडोदा-अहमदाबाद रेल्वे जोडलेली, म्हणजे तिथून पुढे अडचण नव्हतीच. सांगाडा मात्र इथला मिस्त्री सागवानात बांधायचा. आपल्याकडच्या जुन्या मराठी घरांतलं बरंचसं 'विलायती' फर्निचर असं अर्धं कारखान्याचं आणि अर्धं मिस्त्रीचं असतं.

बेल्जियमचं म्हणाल तर बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमधल्या रंगीत काचा बेल्जियमच्या म्हणून ख्याती आहे. तेव्हापासून बडोद्यातला प्रत्येक जुना आरसा बेल्जियमचा! काचेवर शिक्का नसेल तर ते विधान विसरा.

खरी ओळख पटते ती न दिसणाऱ्या लाकडावरून. खण पूर्ण बाहेर काढा, उलटा करा; कपाट भिंतीपासून ओढून पाठ बघा. इंग्लंडमधल्या कारखान्याचा माल दर्शनी बाजूला महोगनी, अक्रोड किंवा ओक दाखवतो, पण पाठ आणि तळ बहुधा स्वस्त पाइनचे. बऱ्याचदा दर्शनी भागही व्हीनियर, म्हणजे सरसाने चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा. आपल्या पावसाळ्यात सरस नरम पडतो, व्हीनियरला फुगे येतात आणि पाइन वाळवीला फार आवडतं. म्हणून हिंदुस्थानासाठी मुद्दाम बनवलेल्या मालात भरीव लाकूड आणि स्क्रूंवर भर असे. इथल्या मिस्त्रीला मात्र साग हाताशी होता, त्यामुळे तो पाठही सागाचीच करायचा. खणाच्या बाजू, तळ, पाठ सगळं साग निघालं तर माझा कौल हिंदुस्थानी बनावटीला.

मग करवतीच्या खुणा बघा. रंधा न मारलेल्या बाजूवर कमानीसारख्या गोल रेघा असतील तर लाकूड यंत्राच्या चक्री करवतीवर कापलंय. सरळ, एकसारख्या अंतराच्या रेघा म्हणजे पट्ट्याची करवत. तिरप्या, कमीजास्त अंतराच्या असतील तर दोघांनी ओढलेली हातकरवत. इथे एक सावधगिरी. परदेशी पुस्तकांतली 'हाताच्या खुणा म्हणजे 1850 च्या आधीचं' ही मोजपट्टी बडोद्याला लावू नका. आपल्याकडे हातकरवत विसाव्या शतकातही जोरात होती. त्यापेक्षा 'अमुक काळाआधीचं नाही' एवढं सांगणाऱ्या खुणा जास्त भरवशाच्या: पाठीला मूळचं प्लायवुड असेल तर काम बहुधा विसाव्या शतकातलं, आणि अधिकच्या चिन्हाच्या खाचेचा मूळ स्क्रू असेल तर 1930 च्या दशकाआधीचं नाही. 'मूळचं' हा शब्द महत्त्वाचा, कारण पाठ बदलणं ही सगळ्यात सामान्य दुरुस्ती.

मुंबईचा धागाही तपासा, सेट तिथल्या दुकानातून आलेला असू शकतो. एडवर्ड विंब्रिज नावाचा कलावंत 1879 मध्ये ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या थिऑसॉफिस्ट (गूढ अध्यात्मविद्येच्या) मंडळींबरोबर मुंबईत आला, त्यांच्याशी फाटल्यावर त्याने तिथेच फर्निचरचा धंदा मांडला. मुंबईतच काळ्या घोड्याला आर्मी अँड नेव्ही या विलायती कंपनीचं मोठं दुकान होतं. तेव्हा खणाच्या आत, कपाटाच्या माथ्यावर कागदी लेबल किंवा पितळी पट्टी शोधा. धूळ पुसताना कोरडा ब्रश, ओलं फडकं अजिबात नको. दुकानाचं लेबल म्हणजे कारखान्याचं लेबल नव्हे, पण शोधाची सुरुवात तिथून होते. काही जण असल्या प्रत्येक वस्तूला 'कलाभवनचं काम' म्हणतात. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली, त्रिभुवनदास गज्जर पहिले प्राचार्य, हा इतिहास अभिमानाचा आहेच. पण खूण किंवा कागद असल्याशिवाय विक्रीच्या जाहिरातीत ते लिहू नका.

पलंगाचे पाय कातीव, लाल-सोनेरी लाखेचे असतील तर तो सेटमधला नाहीच, तो बडोद्याजवळच्या संखेड्याचा. तिथले खरादी, म्हणजे कातारी, सागवान लेथवर कातून त्यावर कथलाच्या (टिनच्या) खळीने नक्षी काढतात आणि वरून लाख चढवतात. रुपेरी नक्षी लाखेखालून सोनेरी दिसते, सोनं त्यात नसतं. ही वेगळी परंपरा आहे आणि तिचं मोलही वेगळं.

वॉशस्टँड बघून मला बरं वाटलं, कारण ते टिकतच नाहीत. व्हिक्टोरियन बेडरूम सेटचा तो ठरलेला भाग, पण पहाटे मोरीवर तोंड धुणाऱ्या घरात त्याचं करायचं काय? बहुतेक ठिकाणी पाटा पोळ्या लाटायला स्वयंपाकघरात गेला आणि खालचं लाकूड माळ्यावर. पाटा आणि सांगाडा एकमेकांचे असतील तर वेगळे करू नका.

पॉलिशबद्दल ठाम सांगतो: घासू नका. लपलेल्या जागी कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब लावा. चिकट झालं तर मूळ चपडी लाखेचं पॉलिश शिल्लक आहे. ते हाताने परत उजळवणारे कारागीर मिळतात. 'चमक आणून देतो' म्हणणारा मशीन घेऊन आला तर त्याला चहा द्या आणि पाठवा. आरशाच्या मागचे काळे डागही राहू द्या. तो जुना पाऱ्याचा असू शकतो, खरवडू नका.

विकायचं असेल तर घाई नको. व्यापारी घेताना 'नुसतं लाकूड आहे' म्हणतो आणि विकताना 'विलायती सेट'. खणाची बाजू, कपाटाची पाठ, कुलूप आणि एखादा स्क्रू यांचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून इथे टाका. त्यावरून कुठला तुकडा कुणाचा ते बऱ्यापैकी सांगता येईल, मगच भाव बोला.