जनुकं बंद करून चयापचय कसं चालतं?

प्रश्न : 'रेव्ह-अर्ब अल्फा' हा अनाथ न्यूक्लिअर रिसेप्टर (जनुकांवर नियंत्रण ठेवणारं, पण त्याला कोणता रेणू बांधला जातो हे माहीत नसलेलं प्रथिन) जनुकं फक्त बंद करतो, असं शिकवलं. मग तो चयापचय कसा सांभाळतो?
– एम.एस्सी.चा विद्यार्थी

उत्तर : बंद करणं हे हलकं काम समजू नका! या कुळातल्या बहुतेक रिसेप्टरांना शेवटी बारावी हेलिक्स (प्रथिनाचा मळसूत्रासारखा वळलेला भाग) असते. जनुक चालू करणारी प्रथिनं तिच्याच आधाराने चिकटतात. याच्याकडे ती नाहीच. त्यामुळे हा डीएनएवर बसला की येतं एनकॉर हे जनुक दाबायला मदत करणारं प्रथिन आणि त्याच्याबरोबर एचडॅक-३ हे विकर. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो, त्या हिस्टोन प्रथिनांवरचे अ‍ॅसिटिल गट निघतात, गुंडाळी घट्ट होते, लिप्यंतरण (जनुकावरून आरएनए बनणं) थंडावतं.

खरी गंमत वेळेची. उंदराच्या यकृतात हे प्रथिन दिवसा, म्हणजे उंदराच्या झोपेच्या वेळी, भरपूर असतं. तेव्हा मेद बनवणारी जनुकं दबलेली राहतात. रात्री ते घटतं आणि जनुकं मोकळी होतात. यकृतातलं एचडॅक-३ काढून टाकलं, तर तिथे चरबी साचते. शिवाय जैविक घड्याळातलं बीमॅल-१ हे जनुकही रेव्ह-अर्ब अल्फाच दाबतो.

'अनाथ' मात्र आता सवयीने म्हणायचं. त्याला हीम (हिमोग्लोबिनमध्येही असणारा लोहयुक्त रेणू) बांधलं जातं, हे २००७ मध्येच दिसलं. हीम असलं की एनकॉरची पकड आणखी पक्की होते. परीक्षेत हेही लिहा, परीक्षक खूश होतील.